बारा बातमीपत्रं

तळघराच्या जिन्यावर अर्ध्यात आलं की तो वास येतो. जाड गालिचा, करपलेली कॉफी, ओल धरलेली भिंत आणि डांबराच्या गोळ्या. दान आलेले लोकरीचे कपडे इथेच ठेवत. कपडे कधीचे गेले, वास राहिला.

मिशिगनमधल्या ट्रॉय गावातलं हे चर्च विकलं गेलं आहे. नवे मालक इथे मुलांचं डे-केअर काढणार आहेत. रविवारी शेवटची प्रार्थना, म्हणून शनिवारी सकाळी तळघर रिकामं करायला जुन्या लोकांना बोलावलं होतं. आम्ही पाच जण आलो. कॅरल खुर्चीवर बसून होती. ती आता ब्याऐंशीची आहे, तिला तिची मुलगी गाडीतून घेऊन येते. मला पाहून तिने दोन्ही हात पुढे केले आणि विचारलं, "तुझी मैत्रीण कशी आहे?"

"मजेत आहे," मी म्हणाले.

"ती का येत नाही?"

"लांब असते. टेक्सासला."

हा प्रश्न ती मला चौदा वर्षं विचारते आहे. पूर्वी नाव घेऊन विचारायची. हल्ली नाव तिला सापडत नाही.

कपाटाच्या खालच्या कप्प्यात फोटोंचं एक पाकीट आणि एक निळी फाईल निघाली. फाईलमध्ये बारा कागद, प्रत्येक अर्ध्या पानाचा, वर टाचणीची भोकं. लेसोथोहून मी पाठवलेली बारा बातमीपत्रं. मी ती उभ्यानेच वाचली. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. तारखा, तपमान, रुग्णसंख्या, सगळं जागेवर. बाराही कागदांत त्या मैत्रिणीचं, वैदेहीचं, नाव नाही.

त्या वर्षी आम्ही दोघी डेट्रॉइटला शिकत होतो. मी त्याआधी कोल्हापूरच्या एका दैनिकात दोन वर्षं डेस्कवर होते. वैदेही इचलकरंजीची, तिचा विषय सार्वजनिक आरोग्य. एका खोलीत राहायचो, एक कुकर दोघींत. शुक्रवारी या चर्चमध्ये परदेशी विद्यार्थ्यांना फुकट जेवण असे, म्हणून यायचो. मॅकरोनी, उकडलेले मटार, लोण्याचा पाव. वैदेही पर्समधून लोणच्याची बाटली काढायची. तिसऱ्या शुक्रवारपर्यंत ती बाटली सगळ्या टेबलांवरून फिरून रिकामी परत येऊ लागली. मीही एकदा चटणी नेली होती. ती मीच संपवली.

कॅरल शाळेत परिचारिका होती, नुकतीच निवृत्त झालेली. वैदेहीने तिला पहिल्याच दिवशी काकू म्हटलं.

"काकू म्हणजे काय?" कॅरलने विचारलं.

"जिला नाही म्हणायची सोय नसते अशी बाई," वैदेही म्हणाली.

कॅरल इतकी हसली की तिला चष्मा काढून पुसावा लागला. मीही मग काकू म्हणू लागले. पण दुसऱ्याने केलेल्या विनोदाला दुसऱ्यांदा कोण हसतं.

दर उन्हाळ्यात काकूंबरोबर चर्चची एक तुकडी लेसोथोला जाई. दक्षिण आफ्रिकेने चारी बाजूंनी वेढलेला हा डोंगराळ देश. तिथल्या एका गावात मिशनचा दवाखाना होता, त्यात दोन आठवडे काम. त्या वर्षी दोन जागा रिकाम्या राहिल्या. काकूंनी आम्हाला बोलावून सांगितलं, "तुम्ही ख्रिश्चन नाही हे मला ठाऊक आहे. बाळांची वजनं करता येतात का?"

"माझी आई अंगणवाडीत आहे, काकू," वैदेही म्हणाली. "मी वजनकाट्याखालीच वाढले."

मला काय येतं ते कोणी विचारलं नाही. नंतर ठरलं की मी बातमीपत्र लिहायचं.

जूनमधले सामान भरायचे ते शनिवार अजून माझ्या हातांना आठवतात. प्रत्येकाला दोन बॅगा, एक आपली, एक दवाखान्याची. दवाखान्याच्या बॅगेत साबणाच्या वड्या, थर्मामीटर, मोज्यांत गुंडाळलेले वाचायचे चष्मे. हूकचा छोटा काटा लावून बॅग उचलायची, तेवीस किलोंच्या वर गेली की एक साबण बाहेर. तळघरात साबणाचा दमट गोड वास साचलेला असे. निघायच्या रविवारी आम्हा नऊ जणांना पुढे उभं केलं आणि सगळ्या चर्चने येऊन आमच्या खांद्यांवर हात ठेवले. ज्यांचे हात पोचले नाहीत त्यांनी पुढच्याच्या खांद्यावर ठेवले. माझ्या डाव्या खांद्यावर कोणाचा तरी थरथरणारा म्हातारा हात होता. वैदेही कानात पुटपुटली, "यानंतर प्रसाद काय असतो गं?" त्या क्षणी मला तिचा राग आला. मला रडू येत होतं आणि तिला भूक लागली होती. बाहेर पडताना सगळ्या म्हाताऱ्यांनी तिलाच मिठ्या मारल्या.

अमेरिकेत जुलै म्हणजे घाम. लेसोथोत जुलै म्हणजे सकाळी बादलीवर काचेसारखा पापुद्रा. शेणाच्या धुराचा आणि रॉकेलच्या शेगडीचा वास. माणसं जाड, रंगीत घोंगड्या पांघरून, छातीशी मोठी पिन लावून हिंडत. तट्टांच्या गळ्यातल्या घंटा दिसायच्या आधी ऐकू येत. दवाखान्याच्या आवारात लोखंडी रुळाचा तुकडा टांगलेला होता, तो हातोडीने वाजवला की दिवस सुरू. संध्याकाळी चर्चमध्ये गाणी. पेटी नाही, ढोल नाही. एक बाई सूर उचलायची आणि तिच्या खालून, वरून, बाजूंनी बाकीचे आवाज येऊन तो सूर भरत.

पहिल्या दिवशी आम्हाला ज्वारीची आंबट पेज दिली. तुकडीतल्यांनी नाकं मुरडली नाहीत, पण घोट लहान घेतले. वैदेहीने कटोरा तोंडाला लावला आणि ओरडली, "अगं, आंबील! आंबीलच आहे ही!" मलाही ते कळलं होतं. एक क्षण आधी कळलं होतं. पण मी ते मनात म्हटलं, आणि ती मोठ्याने म्हणाली. दवाखान्याच्या मुख्य परिचारिकेने, म्मे मामेलोंनी, तिला आणखी एक कटोरा भरून दिला. म्मे म्हणजे आई. तिथे मोठ्या बायकांना असंच हाक मारतात.

तिसऱ्या दिवशी वजनाचा कार्यक्रम होता. आवारातल्या निलगिरीच्या फांदीला काटा टांगला. गोल तबकडी, खाली हूक, हुकाला कापडी चड्डी. बाळाला चड्डीत घालायचं, लोंबकळवायचं, काटा स्थिर झाला की आकडा. बाळं अर्थातच किंचाळतात. वैदेहीने आधी रिकामी चड्डी लोंबकळवली आणि काटा शून्यावर आणला, जसं तिची आई करते. मग पहिलं बाळ अडकवलं आणि टाळी वाजवून म्हणाली, "उडालं, उडालं, विमान उडालं!" मराठीत. बाळ गप्प झालं. आयांनी टाळ्या धरल्या. दुपारपर्यंत रांगेतल्या साठ बायका "उडालं" म्हणत होत्या.

वजन झालेलं बाळ पुन्हा रांगेत येऊ नये म्हणून तिने चुलीतली काजळी बोटाला लावून प्रत्येकाच्या गालावर एक ठिपका दिला. आयांना ते इतकं आवडलं की मोठी मुलंही गाल पुढे करू लागली.

काकू काळजीत पडल्या. "हे काही धार्मिक आहे का?"

"नाही हो काकू, हजेरी आहे," वैदेही म्हणाली. मग खरं बोलण्याची खोड असल्यामुळे तिने जोडलं, "आणि थोडी दृष्टही लागत नाही."

काकूंनी कपाळाला हात लावला. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ठिपक्याचं तेवढं लिहू नकोस. घरी लोक उगाच चर्चा करतील."

त्या संध्याकाळी गावाने वैदेहीला नाव दिलं, न्थाबिसेंग. अर्थ साधारण असा की आम्हाला आनंद द्या. नाव द्यायला सगळ्या बायका उभ्या राहिल्या, जिभेने लांब किलकारी काढली. मला सगळे आउसी म्हणत होते. आउसी म्हणजे ताई. कोणत्याही अनोळखी मुलीला म्हणतात.

मोबाईलला रेंज टेकडीवरच्या एका खडकाशी येई. मी रोज पाच वाजता तिथे चढून जायची. खडक दिवसभर तापलेला असे आणि हवा बर्फासारखी. खाली घोंगड्या घराकडे निघालेल्या दिसत. पहिल्या दोन दिवसांच्या बातमीपत्रांत कोणाचंच नाव नव्हतं, सगळे प्रवासाने दमले होते. तिसऱ्या दिवशी नावं सुरू झाली. दात कोणी काढले, छप्पर कोणी दुरुस्त केलं, औषधं कोणी लावली. वजनाच्या ठिकाणी आले तेव्हा बोट थांबलं. मग मी लिहिलं, 'साठ बाळांची वजनं घेण्यात आली.' कोल्हापूरच्या डेस्कवर अशी वाक्यं मी रोज पन्नास लिहायची. मंत्र्यांसाठी, उद्घाटनांसाठी, ज्यांनी काम केलं पण ज्यांचं नाव माहीत नसे त्यांच्यासाठी. इथे नाव माहीत होतं. चौथ्या दिवशी तसंच लिहिलं. पाचव्या दिवशी विचारही करावा लागला नाही.

काकूंनी ठिपका गाळायला सांगितला होता. माणूस मी गाळलं.

परत आलो तेव्हा बाराही कागद चर्चच्या फलकावर टाचलेले होते. रविवारी लोक कॉफी घेऊन त्यांच्यापुढे उभे होते. अनोळखी लोक माझ्याशी हात मिळवत होते. वैदेही फलकापुढे बराच वेळ उभी राहिली. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाली, "छान लिहिलंयस."

त्याच हिवाळ्यात चर्चने ठरवलं की एकीला वर्षभरासाठी दवाखान्यात पाठवायचं. दोघींनी अर्ज केले. इतकी मनापासून तयारी करताना मी वैदेहीला परीक्षेच्या वेळीही पाहिलं नव्हतं. इंटरनेटवरून ती त्यांची भाषा शिकू लागली. भांडी घासताना आकडे म्हणायची, "नग्वे, पेदी, थारो." काकूंनी निवड समितीला सांगितलं, मी दोघींचीही काकू, मी मत देणार नाही. निवड करणाऱ्या बाकीच्या चौघांपैकी कोणीही त्या गावात गेलेलं नव्हतं. त्यांनी फलक वाचला होता. मुलाखतीत एक गृहस्थ मला म्हणाले, "तुला तर आम्ही ओळखतोच."

मी गेले.

त्या वर्षाबद्दल लोक विचारतात तेव्हा मी पीचच्या फुलांबद्दल सांगते. ऑगस्टच्या शेवटी, डोंगर अजून पिवळाकोरडा असताना, प्रत्येक झोपडीच्या मागे एक गुलाबी झाड. सांगते ते खरं आहे. पण माझं वर्ष वजनाच्या दिवसांनी मोजलं गेलं. दर महिन्याला आया रांग लावत आणि मला विचारत, "न्थाबिसेंग कधी येणार?" मी बाळ अडकवायची, टाळी वाजवायची, "उडालं" म्हणायची. बाळ किंचाळायचं. आकडा मात्र माझा जास्त अचूक असे, दशांशापर्यंत. गालाला ठिपका लावल्याशिवाय आया हलत नसत, म्हणून मी ठिपकेही लावले. एकदा म्मे मामेलो बाकावर बसून बघत होत्या. म्हणाल्या, "ती खेळायची, वजन आपोआप व्हायचं. तू वजन करतेस." त्यांनी ते मायेने म्हटलं, आणि चहाचा कप माझ्याकडे सरकवला. तो चहा मी निलगिरीच्या मुळाशी ओतला.

मी परतले तोवर वैदेहीने शुक्रवारी चर्चला येणं सोडलं होतं. अभ्यास वाढला असेल, असं मी धरलं. मग नोकरी, लग्न, टेक्सासमधलं अर्विंग. काकूंना ती पत्र लिहीत नसे, नाताळला फोन करत नसे. काकू आपल्या ईमेलखाली अजूनही 'तुमची काकू' अशी सही करत. त्या मला विचारत, मी सांगत असे की ती कामात आहे. आणि मला बरं वाटे. हे लिहायला नको, पण बातमी म्हणून नोंदवते: मला बरं वाटे.

शनिवारी तळघरातूनच मी तिला फोन केला.

"अगं, आपलं चर्च विकलं. उद्या शेवटचं. काकू विचारत होत्या."

"हो का," ती म्हणाली. मागे मिक्सर चालू होता. "मला नको गं चर्चचं काही सांगूस. तू वर्षभर राहून आलीस, तुला प्रेम असणारच. माझे आपले चौदा दिवस होते, संपले."

"फोटो सापडलेत तुझे."

"टाकून दे."

मागून तिच्या मुलाने विचारलं, "आई, हू इज इट?"

"मावशी आहे रे. मिशिगनची." मग मला, "ठेवू? धिरडी करपतायत."

रविवारी शेवटची प्रार्थना झाली. पंचेचाळीस माणसं होती. नंतर हॉलमध्ये कॉफी, केक आणि भिंतीवरच्या टीव्हीवर लेसोथोचा व्हिडिओ कॉल. इथे दुपारचा एक, तिथे संध्याकाळचे सात. म्मे मामेलो आता नाहीत. पडद्यावर लिनेओ नावाची तरुण परिचारिका होती, मागे बाकांवर काही म्हाताऱ्या, घोंगड्या गुडघ्यांपर्यंत ओढलेल्या. त्यांनी आमच्यासाठी एक गाणं म्हटलं. टीव्हीचा छोटा स्पीकर ते पेलू शकला नाही, तरी हॉलमधल्या माणसांनी कप खाली ठेवले.

मग लिनेओने फोन भिंतीकडे वळवला. तिथे काचेच्या चौकटीत माझ्या बातमीपत्रांच्या प्रती लावलेल्या होत्या, बाराही.

"आम्ही नवीन फलक करतोय," ती म्हणाली. "इथे येऊन गेलेल्या सगळ्यांचे फोटो आणि नावं. त्या वर्षीची नावं तुमच्या या कागदांवरून घेतली. एकच राहिलंय." तिने एक फोटो पडद्याजवळ धरला. निलगिरी, काटा, हवेत लोंबकळणारं बाळ, आणि टाळी वाजवणारी वैदेही. "वजनाच्या प्रत्येक फोटोत ही आहे. कागदांत कुठेच नाही. म्हाताऱ्या सांगतात न्थाबिसेंग. पण न्थाबिसेंग आमच्या गावातच सहा आहेत. ही कोण होती?"

त्या तुकडीतल्या नऊ जणांपैकी हॉलमध्ये दोघीच होतो. काकू खुर्चीत पुढे सरकल्या. "मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "मला माहीत आहे ती." त्यांचे ओठ हलत राहिले. नाव आलं नाही. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी गप्प बसले असते तर फोटोखाली 'एक स्वयंसेविका' असं लिहिलं गेलं असतं. असं मी स्वतः कितीदा लिहिलं आहे. गप्प बसायला फार कष्ट नव्हते. मी दोन-तीन सेकंद तशी बसलेही.

"वैदेही," मी म्हणाले. लिनेओने अक्षरं विचारली, मी एकेक करून सांगितली. तिने विचारलं, "कागदात का नाही?"

"माझ्याकडून राहिलं," मी म्हणाले. मग म्हणाले, "राहिलं नाही. मी लिहिलं नाही."

सिग्नल तुटक होता. तिला दुसरं वाक्य ऐकू गेलं की नाही कळलं नाही. हॉलमध्ये मात्र ऐकू गेलं. कोणीतरी केक कापू लागलं.

मी बाहेर पार्किंगमध्ये आले आणि अर्विंगला फोन लावला. ती कुठल्या तरी किराणा दुकानात होती, मागे बिलाचं यंत्र वाजत होतं.

"तुझं नाव लावतायत दवाखान्यात," मी म्हणाले. "भिंतीवर."

"माझं? आत्ता?"

"बातमीपत्रांत नव्हतं. बाराही. मी गाळलं होतं."

"अगं, माहीत आहे मला नव्हतं ते. मी वाचलंय सगळं." मग ती म्हणाली, "तू गाळलंस म्हणजे? काकूंनी सांगितलं ना तुला? ते तिटेवरून."

"नाही. त्यांनी फक्त ठिपक्याचं लिहू नको म्हटलं होतं. तुझं नाव मी काढलं."

पलीकडे यंत्र वाजत राहिलं. तिने कोणाला तरी सांगितलं, "ठेव ते खाली, एक पॅकेट पुरे." मग आवाज बदलून म्हणाली, "थांब. म्हणजे त्या बाईने काहीच केलं नव्हतं?"

"काहीच नाही."

"मी चौदा वर्षं तिचा फोन घेतला नाही. लग्नाचं कार्ड पाठवलं नाही. मला वाटलं, माझा हात बाळांना लागलेला तिला चालला नाही. म्हणून तुला निवडलं."

"मत दिलं नव्हतं त्यांनी."

"तू ना..." ती म्हणाली. नाक ओढल्याचा आवाज आला. "तुझ्याशी नंतर बोलते मी. बोलेन की नाही तेही माहीत नाही. काकू आहेत तिथे?"

"आत आहेत. हल्ली नावं विसरतात."

"दे त्यांना."

मी आत गेले. काकूंच्या हातात फोन दिला, कानाशी धरून दिला. त्यांनी घाबरून विचारलं, "कोण आहे?" पलीकडून वैदेही काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. काकूंचा चेहरा मात्र मी पाहिला. चौदा वर्षं मी या बाईला भेटत आले आहे, वाढदिवसाला फुलं नेली आहेत, बर्फात तिच्या दारापुढची वाट साफ केली आहे. असा चेहरा तिने मला कधी दाखवला नव्हता.

त्या हसत होत्या, रडत होत्या, विचारत होत्या, "मुलं किती? मोठा कितवीत? इंग्लिशच बोलतो ना, मला माहीत होतं." मी थोडा वेळ शेजारी उभी राहिले. त्यांनी हाताने मला बाजूला हो अशी खूण केली, टीव्हीसमोरून माणसाला करतात तशी. मग मी खुर्च्यांकडे वळले. हॉल चार वाजेपर्यंत रिकामा करायचा होता. लोखंडी खुर्च्या, घडी घालून भिंतीशी उभ्या करायच्या, एका रांगेत दहा. मी चार रांगा लावल्या. पाच खुर्च्या उरल्या, त्यांतल्या एकीवर काकू बसल्या होत्या. चाळीस मिनिटं झाली होती. फोन माझा होता, आणि परत मागायचं मला सुचत नव्हतं.